एका स्पार्क प्लगची गोष्ट

डिसेंबरातली गोष्ट आहे. माझी लेक सहावीत आहे. तिने शाळाशाळांमधल्या एका स्पर्धेत भाग घेतला होता. बाल्सा लाकडाच्या काड्या, पातळ कागद, प्लास्टिकचा पंखा आणि त्या पंख्याला पीळ द्यायचं रबर, एवढ्या सामानातून छोटं विमान बनवायचं. पीळ सुटेल तसा पंखा फिरतो आणि विमान उडतं. जे जास्त सेकंद हवेत राहील ते जिंकलं.

तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून बाकी सगळं होतं. बाप बी.ई. आहे म्हटल्यावर घरात सल्ल्यांना काय तोटा! पंख थोडे पुढे घे, नाकाला प्लॅस्टिसिनची गोळी लाव, रबराला एरंडेल चोळ, असं माझं चालू असायचं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रोज संध्याकाळी चाचणी व्हायची. वरच्या मजल्यावरची तिची मैत्रीण दुसऱ्या शाळेत आहे. तीही याच स्पर्धेत होती. दोघी आपापली विमानं घेऊन गच्चीवर यायच्या आणि एकमेकींचे सेकंद मोजायच्या.

स्पर्धेच्या दिवशी शेवटच्या फेरीआधी त्या मैत्रिणीचं रबर तुटलं. जादा आणलेलं रबर तिच्याकडे नव्हतं. ती आमच्या टेबलापाशी आली. आमच्या डब्यात दोन नवी रबरं होती. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच म्हणालो, "राहू दे, आपल्याला लागतील."

आम्हाला ती लागली नाहीत. लेकीचा दुसरा नंबर आला. मैत्रिणीचं विमान शेवटच्या फेरीत उडालंच नाही. घरी येताना स्कूटरवर लेक मागे बसून एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, पहिला नंबर हुकला म्हणून बाईसाहेब रुसल्या आहेत. तसं नव्हतं हे मला चार दिवसांनी कळलं. तोवर गच्चीवर येणं दोघींनीही बंद केलं होतं.

त्याच आठवड्यात, लेकीचं मन वळावं म्हणून, मी विमानांच्या जुन्या स्पर्धांबद्दल वाचायला घेतलं. हेतू साधा होता. दुसरा नंबर येऊनही मोठी झालेली माणसं शोधायची आणि तिला सांगायची. शोधता शोधता १९३० सालच्या एका स्पर्धेपाशी येऊन थांबलो. ती गोष्ट तिला सांगायला गेलो आणि स्वतःच अडकलो. ते कसं, ते शेवटी सांगतो. आधी स्पर्धा.

पाचशे पौंडांचं बक्षीस

विमानविद्येच्या सुरुवातीच्या काळात बक्षिसांनी फार मोठं काम केलं. लंडनच्या 'डेली मेल' या वर्तमानपत्राने इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणाऱ्याला १,००० पौंड जाहीर केले होते. २५ जुलै १९०९ रोजी फ्रान्सच्या लुई ब्लेरियोने ते मिळवले. पुढे न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडणाऱ्यासाठी २५,००० डॉलरचं ऑर्टिग बक्षीस होतं. ते मे १९२७ मध्ये चार्ल्स लिंडबर्गने जिंकलं.

भारतीयांसाठी असं बक्षीस १९२९ च्या अखेरीस तिसऱ्या आगाखानांनी जाहीर केलं. रक्कम ५०० पौंड. तेव्हा एका रुपयाला दीड शिलिंग असा दर होता, म्हणजे ही रक्कम साडेसहा हजार रुपयांच्या वर जाते. अटी अशा: वैमानिक भारतीय हवा, विमानात एकटा हवा, आणि इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास निघाल्यापासून एका महिन्याच्या आत पुरा व्हायला हवा. कुठल्या दिशेने उडायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

आज आपल्या हरणीच्या विमानतळावरून निघून मुंबई किंवा दिल्लीमार्गे लंडन गाठायला एक दिवस पुरतो. तेव्हा महिन्याची मुदत सढळ नव्हती. कारण विमान कुठलं, तर जिप्सी मॉथ. दोन मजली पंखांचं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेलं, दोन माणसांचं छोटं विमान. वैमानिक उघड्यावर बसायचा. डोक्यावर छप्पर नाही, रेडिओ नाही, चाकांना ब्रेक नाहीत. इंजिन चार सिलिंडरचं, सुमारे १०० अश्वशक्तीचं. आजच्या एखाद्या मध्यम मोटारीइतकं. वेग तासाला १३५ किलोमीटरच्या आसपास. आपल्या अहमदाबाद एक्स्प्रेस हायवेवर याहून जोरात गाड्या हाकणारे लोक तुम्ही-आम्ही पाहिले आहेत.

कराची ते लंडन हा त्या काळचा हवाई मार्ग इराणचा किनारा, इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त असा जायचा आणि पुढे भूमध्य समुद्र ओलांडून युरोप. अंतर सुमारे ८,००० किलोमीटर. मी भागाकार केला: नुसते हवेतले तास साठ होतात. तेही सगळं सुरळीत असेल तर. समोरून वारा आला की हिशेब बदलला. इंधन संपायच्या आत पुढचं मैदान दिसायला हवं. वाट शोधायची ती होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारे रेल्वेचे रूळ, नदी, किनारा यांवरून. इराकच्या वाळवंटात तर खुणेला काहीच नाही. तिथे १९२१ साली ब्रिटिश हवाई दलाने कैरो ते बगदाद टपालाच्या विमानांसाठी जमिनीवर मोटारींच्या चाकांची वाट पाडून आणि काही ठिकाणी नांगराने चर ओढून ठेवली होती. वैमानिक त्या रेघेवरून नजर न हलवता उडायचे. आमच्या लेकीला स्पर्धेच्या सगळ्या गोष्टीत ही रेघ सगळ्यात जास्त आवडली.

तिघे जण

या बक्षिसासाठी तीन तरुण पुढे आले.

पहिला मनमोहन सिंग, मूळचा रावळपिंडीचा, इंग्लंडमध्ये शिकलेला. त्याने आपल्या विमानाला 'मिस इंडिया' असं नाव दिलं होतं. तो इंग्लंडहून निघाला, पण आधीच्या प्रयत्नांत त्याला माघारी फिरावं लागलं. इंग्रजीत 'मिस' म्हणजे कुमारी आणि 'मिस' म्हणजे नेम चुकणंही. एका ब्रिटिश विमान-नियतकालिकाच्या संपादकाने त्यावर कोटी केली, की याने विमानाचं नाव बरोबर ठेवलंय, भारत याला सापडायचा नाही. मनमोहन सिंग पुन्हा निघाला आणि भारतात पोहोचलाही. पण वाटेत विमान नाइलाजाने खाली उतरवावं लागल्यामुळे महिन्याची मुदत उलटून गेली होती. बक्षीस हुकलं.

दुसरा अस्पी मेरवान इंजिनीअर. कराचीचा पारशी मुलगा, वय सतरा. मार्च १९३० मध्ये तो आणि आर. एन. चावला असे दोघे मिळून एका विमानातून भारतातून इंग्लंडला उडाले होते. भारतीय वैमानिकांनी तो प्रवास पहिल्यांदाच केला. पण बक्षिसाची अट एकट्याने उडण्याची. म्हणून अस्पी २५ एप्रिल १९३० रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून एकटा परत निघाला.

तिसरा जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपले जे. आर. डी. वय पंचवीस. त्यांचं बालपण बरंचसं फ्रान्समध्ये गेलं. तिथे समुद्रकिनाऱ्यावरच्या हार्डेलो या गावात टाटा कुटुंबाचं घर होतं आणि शेजारीच तो खाडी ओलांडणारा लुई ब्लेरियो राहायचा. विमानाचं वेड तिथलं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक १ होता. त्यांनी उलटी दिशा निवडली. ३ मे १९३० रोजी ते कराचीहून इंग्लंडकडे निघाले.

त्या दिवसांत देशात काय चाललं होतं ते मी तारखा लावून पाहिलं. अस्पी आणि चावला इंग्लंडला निघाले त्याच मार्च महिन्यात गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले होते, आपल्या गुजरातच्या गावागावांतून पायी. जे. आर. डी. कराचीहून उडाल्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मेच्या मध्यरात्रीनंतर, दांडीजवळच्या कराडी गावात गांधीजींना अटक झाली. एकाच वेळी इथे एक माणूस चालत होता आणि तिकडे दोघे-तिघे उडत होते. शाळेच्या इतिहासात आपण पहिली गोष्ट शिकतो. दुसरी बाजूला राहून जाते.

अबुकीर

एक जण पश्चिमेकडून येतोय, एक जण पूर्वेकडून जातोय. शाळेत आगगाड्यांची गणितं असायची ना, दोन गाड्या समोरासमोरून निघाल्या तर कुठे भेटतील? तसंच झालं. दोघे इजिप्तमध्ये भेटले. अलेक्झांड्रियाजवळ अबुकीर नावाचा ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. जे. आर. डी. तिथे उतरले तेव्हा आणखी एक जिप्सी मॉथ उभं होतं. ते अस्पीचं. तो अडकून पडला होता, कारण त्याच्याकडे चांगला स्पार्क प्लग उरला नव्हता.

स्पार्क प्लग म्हणजे आपल्या जुन्या स्कूटरमध्ये असायचा तोच. पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाला ठिणगी देतो. जिप्सी मॉथच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन, असे आठ प्लग असत, म्हणजे एक बिघडला तरी दुसऱ्याने काम चालावं. पण प्लगच्या टोकावर तेल आणि काजळी जमली की ठिणगी पडेनाशी होते. माझ्या बाबांची स्कूटर पावसाळ्यात बंद पडली की ते प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे आणि पुन्हा बसवायचे. मांडवीच्या दरवाजाजवळ भर पावसात असं घासत बसलेले बाबा मला आजही आठवतात. वर हवेत, खाली वाळवंट किंवा समुद्र असताना, प्लग घासायची सोय नसते. म्हणून चांगले प्लग मिळेपर्यंत अस्पी निघू शकत नव्हता.

जे. आर. डीं.कडे जादाचे प्लग होते.

इथे जरा थांबा आणि त्या पंचवीस वर्षांच्या माणसाच्या जागी उभे राहून बघा. समोरचा मुलगा याच बक्षिसासाठी उडतोय. तो इथे अडकून राहिला तर आपली वाट मोकळी. शिवाय आपल्यालाही पुढे भूमध्य समुद्र ओलांडायचा आहे. आपले प्लग बिघडले तर? प्लग दिले नाहीत म्हणून कुणी नावं ठेवली नसती. नियमात तसं काही नव्हतं.

जे. आर. डीं.नी प्लग दिले. अस्पीला काही तरी परत द्यायचं होतं. त्याचा समुद्र ओलांडून झाला होता, जे. आर. डीं.चा व्हायचा होता. त्याने आपलं पाण्यात तरंगवणारं जॅकेट काढून त्यांना दिलं. आणि दोघे आपापल्या दिशेने निघाले.

११ मे १९३० रोजी अस्पी कराचीला उतरला. सतरा दिवसांत, म्हणजे सरासरी रोज साडेचारशे किलोमीटरच्या वर. जे. आर. डी. अगदी थोड्या फरकाने मागे पडले. आगाखान बक्षीस सतरा वर्षांच्या अस्पीला मिळालं.

नंतर काय झालं

अस्पी पुढे हवाई दलात गेला. दुसऱ्या महायुद्धात त्याला 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस' हा मान मिळाला. त्याचे भाऊही हवाई दलात होते. डिसेंबर १९६० मध्ये एअर मार्शल अस्पी इंजिनीअर भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. सुब्रोतो मुखर्जींनंतरचे ते दुसरे भारतीय प्रमुख. जे. आर. डी. पुढे म्हणायचे, की अस्पी जिंकला ते बरंच झालं, त्या यशामुळे त्याला हवाई दलात शिरायला मदत झाली.

मनमोहन सिंगनेही उडणं सोडलं नाही. पुढे तो इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनपर्यंत एकटा उडत गेला. महायुद्धात तो समुद्रावर उतरणारी मोठी विमानं चालवत होता. ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरावर जपानी विमानांनी हल्ला केला, त्यात तो गेला. ज्याला भारत सापडणार नाही म्हणून लोक हसले होते, त्याचा शेवट असा घरापासून इतक्या दूर झाला.

आणि जे. आर. डी.? दोनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, पस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून २५ किलो टपाल घेऊन ते कराचीहून निघाले आणि अहमदाबादला थांबून मुंबईच्या जुहूला उतरले. टाटांच्या विमानसेवेचं हे पहिलं उड्डाण. अहमदाबादला विमानाचं पेट्रोल बैलगाडीतून डबे भरून आणलं होतं. मी नकाशावर अहमदाबाद ते जुहू पट्टी ठेवून पाहिली. रेषा खंभातवरून जाते. म्हणजे आपल्या बडोद्याच्या पश्चिमेला साठेक किलोमीटर. थोडक्यात हुकलं म्हणायचं! याच सेवेतून पुढे एअर इंडिया झाली. १९५३ साली ती सरकारकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली. त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी तोच प्रवास पुन्हा स्वतः विमान चालवत केला.

आपलं बडोदं आणि विमानं

बडोद्याचा आणि विमानाचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास एक गोष्ट सांगितली जाते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं आणि ते बघायला श्रीमंत सयाजीराव महाराज हजर होते. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी ही येते. लहानपणी मी शाळेत ती भाषणात सांगून टाळ्याही घेतल्या आहेत. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला विश्वासार्ह पुरावा पुढे आलेला नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाशी ही गोष्ट जोडतात, त्यातल्या विमानांचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७४ साली अभ्यास केला. ती उडू शकणार नाहीत आणि ग्रंथही विसाव्या शतकातला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. यंदा लेकीला शाळेत 'बडोदा आणि विमान' यावर बोलायचं होतं, तेव्हा मी तिला ही गोष्ट नको म्हणालो. माझ्या काकांना ते अजिबात आवडलं नाही. दोन दिवस ते माझ्याशी तुटक बोलत होते. मी त्यांना एवढंच म्हणालो, "काका, खऱ्या गोष्टी आहेत की आपल्याकडे. त्या सांगू या."

आणि खरंच आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात १२४ क्रमांकाची एक तुकडी होती, स्पिटफायर विमानांची. तिचं अधिकृत नाव '१२४ (बडोदा) स्क्वाड्रन'. बडोदा संस्थानाने दिलेल्या देणगीमुळे ते नाव पडलं. इंग्लंडच्या आकाशात आपल्या गावाचं नाव फिरत होतं. हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा राग बराच उतरला आणि आता तेच ते चारचौघांत सांगतात.

मराठी नावंही शोधली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये लढलेले मोजके भारतीय वैमानिक होते. त्यातले एक मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचं विमान पडलं आणि त्यातच ते गेले. अगदी अलीकडे यायचं तर कॅप्टन सौदामिनी देशमुख. नोव्हेंबर १९८५ मध्ये कलकत्ता ते सिल्चर हे फक्त स्त्रियांनी चालवलेलं विमान घेऊन जाणाऱ्या कप्तान त्याच. आणि कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर स्वतःचं विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव. २०१७ साली त्यांच्या विमानाला सरकारी नोंदणी मिळाली. गच्चीवर विमान बांधतात हे ऐकून लेकीने आमच्या गच्चीकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरींनी सावध राहिलेलं बरं.

आणि आता तर आपल्या गावातच विमानं बनू लागली आहेत. हरणीच्या विमानतळाजवळ टाटा आणि एअरबस यांचा सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाचा कारखाना आहे. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याचं उद्घाटन झालं. हवाई दलासाठीच्या ५६ विमानांपैकी १६ स्पेनहून तयार आली आणि ४० इथे बडोद्यात बनणार. म्हणजे १९३२ साली ज्यांचं विमान खंभातवरून निघून गेलं, त्यांच्या नावाचा कारखाना शेवटी बडोद्यात आला. आणि ज्या हवाई दलासाठी ही विमानं बनतायत, त्याचा प्रमुख एके काळी तो प्लग मिळालेला अस्पी होता. माझ्याबरोबर बी.ई. झालेले काही मित्र विमानांच्या क्षेत्रात नोकरी शोधायला बंगळुरू-हैदराबादला गेले. आज शाळेत असलेल्या मुलांना कदाचित गाव सोडावं लागणार नाही.

"मग तू का नाही?"

आता राहिलेली गोष्ट. लेकीला मी हे सगळं सांगितलं ते एका रविवारी सकाळी, शेव-उसळ खाताना. अबुकीरपर्यंत ती डोळे मोठे करून ऐकत होती. "आणि मग जे. आर. डीं.नी आपल्याकडचे प्लग त्याला देऊन टाकले," असं मी जरा रंगवूनच सांगितलं.

ती म्हणाली, "बाबा, मग तू मला रबर देऊ नको का म्हणालास?"

मला काही सुचलं नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा स्वतःच्या ताटाकडे पाहिलं. आपल्याला लागली असती, नियमात नव्हतं, स्पर्धा म्हणजे स्पर्धा, अशी सगळी उत्तरं माझ्या मनात तयार होती. त्यातलं एकही तोंडातून बाहेर येईना. मी खरं तेच सांगितलं, की मला तू जिंकायला हवी होतीस म्हणून मी तसं म्हणालो आणि ते चुकलंच.

मग मी स्वतःशी विचार करत बसलो. असं मी का म्हणालो असेन? आमच्या क्षेत्रात दरवर्षी कामाची श्रेणी लावतात. कुणाला तरी वर बसवायचं म्हणजे कुणाला तरी खाली बसवायचं. अशी दहा-बारा वर्षं गेली की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपल्याला माहीत असलेली युक्ती सांगताना जीभ जरा अडखळते. हे मी ऑफिसात शिकलो आणि नकळत घरी घेऊन आलो. लेकीला तर ते रबर द्यावंसंच वाटत होतं. तिला विचारायची गरज माझ्यामुळे पडली.

गोड शेवट सांगावा असं वाटतं, पण झालं ते एवढंच. उत्तरायण आलं. आपल्याकडच्या उत्तरायणाबद्दल बडोदेकरांना मी काय सांगणार! पहाटेपासून गच्चीवर स्पीकर, चिक्की, उंधियू, जिलबी. माझे आजोबा पतंगाच्या बाबतीत फार कडक. पेच लागला की सख्ख्या भावाचा पतंगही सोडायचे नाहीत. पण शेजारच्या गच्चीवर कुणाची फिरकी संपली, तर आपली दुसरी फिरकी स्वतः नेऊन द्यायचे आणि मग त्याचाच पतंग कापायचे. समोर पतंगच नसेल तर कापायचं कुणाला, असं त्यांचं म्हणणं. जे. आर. डीं.ची गोष्ट वाचायला मला चाळीशी जवळ यावी लागली. तीच गोष्ट आमच्या गच्चीवर मी लहानपणी दरवर्षी बघत होतो.

त्या दिवशी दुपारी वरच्या मजल्यावरची मैत्रीण गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आपल्या भावाबरोबर पतंग उडवत होती. चारच्या सुमारास त्यांचा मांजा संपला. लेकीने या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही. आमची गुलाबी मांजाची फिरकी उचलली, गच्ची ओलांडून गेली आणि तिच्या हातात दिली. दोघी काय बोलल्या ते त्या गोंगाटात मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने त्या बाजूने "काय पो छे" असा आवाज आला आणि आमचा पतंग गेला.

पुढच्या डिसेंबरात ती स्पर्धा पुन्हा आहे. दोघींनी तयारी सुरू केली आहे, आपापली विमानं, आपापल्या शाळा. मी सल्ले कमी करायचं ठरवलंय. रबरं मात्र यंदा दोन डझन आणून ठेवली आहेत.